"पेशंटला काही सांगू नका": या विनंतीमागचा इतिहास

कर्करोगाच्या ओपीडीत हे रोज घडतं. मुलगा फाइल घेऊन आधी केबिनमध्ये शिरतो, दार लोटून घेतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, आईला काही सांगू नका. खचेल ती." आई बाहेर बाकावर. गाठ आहे एवढंच तिला सांगितलंय. पण परळच्या 'टाटा'ला का आणतात, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ते रुग्णालय १९४१ पासून तिथं आहे.

ही लपवालपवी आपल्याच कुटुंबांची खासियत समजली जाते. तसं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची १८४७ ची आचारसंहिता डॉक्टरांना हेच शिकवत होती: धोका असेल तर आप्तांना वेळेत कल्पना द्या, रुग्णाला मात्र अगदीच गरज पडली तर. १९६१ साली शिकागोत झालेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे झुकलेले होते. १९७९ मध्ये तसेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले.

मधल्या काळात बरंच घडलं होतं. १९६५ मध्ये ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांतली निरीक्षणं मांडली. मरणाच्या दारात असलेल्या माणसाभोवती कुणाला काय ठाऊक असतं, याच्या त्यांनी काही अवस्था सांगितल्या. त्यातली एक मला सर्वांत क्लेशकारक वाटते: दोघांनाही माहीत असतं आणि दोघंही माहीत नसल्यासारखं वागतात. आपल्याकडे कितीतरी घरं शेवटचे महिने याच अवस्थेत काढतात. प्रेमापोटीच. पण मग धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं तुटलेलंच राहतं, मुलीच्या लग्नाबद्दल काय वाटतं ते विचारायचं राहून जातं, आणि रुग्ण भरल्या घरात एकटा पडतो.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. म्हणूनच वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदनाही मिसळलेली असते, हे त्यांना जवळून दिसलं. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांच्या अखेरच्या दिवसांतल्या देखभालीची जागा, सुरू केलं. तिथं रुग्णाबरोबर त्याचं कुटुंबही देखभालीचा भाग मानलं गेलं.

भारतात ही वाट मुंबईतूनच सुरू झाली. १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन उभारलं; पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला या औषध कंपनीचं अशा देखभालीचं केंद्र आहे. तिथं घरचं एक माणूस रुग्णासोबत राहतं आणि घरी गेल्यावर करायची सेवा शिकून जातं. केरळनं तर १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेलं काम शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या हाती दिलं आणि २००८ मध्ये त्याचं राज्य-धोरण केलं.

यात एक मोठा अडथळा होता मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाचा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाशी मनातलं काय बोलणार? एवढी वर्षं कुटुंबांनी माणसाला फक्त कण्हताना पाहिलं, त्याचा हिशेब कुणीच मांडलेला नाही.

आज उपशामक उपचार (आजार बरा होण्यासारखा नसला तरी त्रास कमी करणारे उपचार) करणारी मंडळी नातेवाइकांची विनंती धुडकावत नाहीत. आधी त्यांचीच भीती ऐकून घेतात. मग रुग्णाला विचारतात, "तुम्हाला आजाराबद्दल काय काय ठाऊक आहे? आणखी जाणून घ्यायचंय का?" कुणी नको म्हणतं, तर तेही मानलं जातं.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जीवनेच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या कागदाला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. पण कृत्रिम श्वास लावायचा की नाही हे शुद्धीत असताना ठरवायचं, तर बाकावरच्या आईला केबिनमध्ये बोलवावंच लागेल.