पदवीनंतर सी.ए. इंटरमीडिएटला थेट नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

वाणिज्य शाखेची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवलेल्या विद्यार्थ्याला फाउंडेशन ही पहिल्या टप्प्याची परीक्षा न देता सी.ए. इंटरमीडिएट या दुसऱ्या टप्प्यासाठी थेट नोंदणी करता येते. अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी ही अट ६० टक्क्यांची आहे. यातली पदव्युत्तर पदवीची तरतूद बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.कॉम. होताना ज्याचे गुण कमी पडले, त्याने एम.कॉम.ला ५५ टक्के गाठले तर तो पात्र ठरतो. मात्र केवळ सी.ए.साठी एम.कॉम. करण्याची गरज नाही, आणि ज्याची बी.कॉम.ची टक्केवारी पुरेशी आहे त्याने त्यात दोन वर्षे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावी किंवा पीयूसीची गुणपत्रिका आणि पदवीची गुणपत्रिका लागते. प्रती सी.ए., राजपत्रित अधिकारी किंवा प्राचार्यांकडून साक्षांकित करून घ्याव्यात. सीमाभागात दहावी महाराष्ट्र मंडळाची आणि पुढील शिक्षण कर्नाटकात, किंवा याच्या उलट, असे झालेल्यांनी सर्व कागदांवरील नावाचा क्रम आणि इंग्रजी स्पेलिंग आधीच ताडून पाहावे, कारण आडनाव एकीकडे आधी आणि दुसरीकडे शेवटी आले की पडताळणीत अर्ज अडकू शकतो. गुणपत्रिकेवर फक्त श्रेणी असेल तर टक्केवारीचे पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवावे.

नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ पूर्ण व्हावा लागतो. म्हणजे मे महिन्याच्या परीक्षेला बसायचे असेल तर आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी झालेली हवी. परीक्षेत तीन-तीन पेपरांचे दोन गट असतात, प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण आवश्यक असतात.

परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी एवढेच आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी म्हणूनच कायदा आणि लेखापरीक्षणाची उत्तरे पहिल्या आठवड्यापासून निवडलेल्या भाषेत हाताने लिहावीत; हे दोन विषय आकडेमोडीवर निभावत नाहीत.

दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर माहिती-तंत्रज्ञान आणि अभिमुखतेचे (ओरिएंटेशन) प्रशिक्षण घेऊन दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, सुरू होते. ती बेळगावातच करावी असे बंधन नाही, कोल्हापूर किंवा पुण्यातील सी.ए.कडेही करता येते.