पेजसाहेबांचे बंद दार

जपानच्या रेल्वेच्या इतिहासात वॉल्टर फिंच पेज या इंग्रज अधिकाऱ्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. १८७४ मध्ये जपान सरकारच्या नोकरीत आलेले पेज गाड्यांचे वेळापत्रक करायला बसले की स्वतःला खोलीत कोंडून घेत आणि बाहेर येत ते तयार वेळापत्रक हातात घेऊनच. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या नेमक्या कोणत्या स्थानकात आणि किती वाजता एकमेकींना ओलांडतील हे या गृहस्थांना आधीच कसे कळते, याचा जपानी सहकाऱ्यांना उलगडा होत नसे. त्यांची बुद्धी अलौकिक असावी असाच सर्वांचा समज होता. पुढे कोणीतरी त्यांच्या टेबलावर डोकावले, तिरप्या रेषांनी भरलेला एक कागद त्याच्या दृष्टीस पडला आणि त्या अलौकिकाचा भोपळा फुटला. कथेत तिखटमीठ किती हा प्रश्न बाजूला ठेवू. तिरप्या रेषांचा कागद ही मात्र अगदी खरी वस्तू आहे.

या आलेखात आडव्या अक्षावर वेळ असते आणि उभ्या अक्षावर, एकमेकांपासूनच्या अंतराच्या प्रमाणात, स्थानके. धावणारी प्रत्येक गाडी ही एक तिरपी रेषा होते. गाडी जितकी वेगवान तितकी रेषा अधिक उभी, आणि गाडी थांबली की रेषा आडवी. समजा, अ, ब आणि क ही तीन स्थानके एकमेकांपासून दहा दहा किलोमीटरवर आहेत आणि दोन गाड्या ताशी ३० किलोमीटर वेगाने, एक अ कडून व दुसरी क कडून, बरोबर आठ वाजता निघतात. त्यांच्या रेषा आठ वाजून वीस मिनिटांनी ब स्थानकावर छेदतात. तिथे एक गाडी बाजूला घेण्यासाठी लूप लाइन असली की काम भागले. आता दुसरी गाडी दहा मिनिटे उशिरा सोडा. छेदनबिंदू सरकून ब च्या पुढे अडीच किलोमीटरवर, म्हणजे उघड्या मार्गावर जातो. कागदावरचा हा छेद रुळावर टक्कर ठरेल, म्हणून पहिल्या गाडीला साडेआठपर्यंत ब स्थानकातच रोखून धरावे लागते. कोकण रेल्वेच्या एखाद्या लहानशा स्थानकात ‘क्रॉसिंग आहे’ एवढे ऐकून अर्धा तास खिडकीबाहेरची झाडे न्याहाळणारा प्रवासी अशाच एका छेदनबिंदूवर बसलेला असतो.

ही पद्धत पेज यांची नव्हे. युरोपातील रेल्वे ती आधीपासून वापरत होत्या. जपानी कर्मचाऱ्यांनी ती उचलली आणि अशी आत्मसात केली की ‘डायग्राम’ या शब्दाचे ‘दाइया’ हे लघुरूप आज तिथल्या रोजच्या बोलण्यात आहे. गाड्यांना उशीर झाला की ‘दाइया विस्कटला’ असे म्हणतात.

पेज हे तिथे एकटेच परदेशी नव्हते. १८७४ च्या सुमारास जपानच्या सरकारी रेल्वेत अभियंत्यांपासून इंजिनचालक आणि गवंड्यांपर्यंत शंभराहून अधिक परदेशी माणसे होती आणि त्यांत बहुसंख्य ब्रिटिश होते. १८७२ ते १८७७ या काळातील मुख्य अभियंता रिचर्ड व्हिकर्स बॉइल यांनी तर आधी आपल्याकडेच, ईस्ट इंडियन रेल्वेत काम केले होते. १८५७ च्या उठावात बिहारमधील आरा येथे वेढा पडला तेव्हा बॉइल यांनी आपली दुमजली बिलियर्डची इमारत आधीच तटबंद करून ठेवलेली होती. या मंडळींचे पगारही थक्क करणारे होते. रेल्वेचे संचालक विल्यम कारगिल यांना महिना २००० येन मिळत, तर देशाच्या सर्वोच्च मंत्र्याला ८००. त्याही आधी होरेशिओ नेल्सन ले नावाच्या मध्यस्थाने जपानला १२ टक्के व्याजाने कर्ज देऊ केले आणि लंडनमध्ये तेच पैसे ९ टक्क्यांनी उभे केले. मधल्या तीन टक्क्यांचा हिशेब उघडकीस आल्यावर सरकारने त्याच्याशी असलेला करार मोडला.

जपानच्या लोहमार्गाचा सर्वांत दीर्घायुषी निर्णय मात्र याच घाईगर्दीच्या दिवसांत झाला. पहिले मुख्य अभियंता एडमंड मोरेल १८७० मध्ये आले आणि दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १०६७ मिलिमीटर इतके अरुंद ठरले. हा प्रकल्प पुढे रेटणारे ओकुमा शिगेनोबु यांनी नंतर कबूल केले की गेज म्हणजे काय हेच त्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हते. तरीही निर्णय वेडगळ नव्हता. भारतात लॉर्ड मेयो यांच्या सरकारने त्याच सुमारास नव्या मार्गांसाठी मीटरगेज निवडले, तेही काटकसरीसाठीच. आणि जपान तर डोंगराळ देश.

डोंगर आणि गेज यांचा संबंध चाकांमुळे येतो. आगगाडीच्या जोडीतील दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने त्यांचे फेरे सारखेच होतात. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. काटकोनात वळणाऱ्या मार्गावर हा फरक आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर सुमारे २.६३ मीटर भरतो, १०६७ च्या गेजवर सुमारे १.६८ मीटर. वळण मोठे असो वा लहान, फरक तेवढाच राहतो. मोठ्या वळणात तो अधिक लांबीवर विभागला जातो इतकेच. चाकांचा पृष्ठभाग किंचित निमुळता ठेवलेला असतो, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर धावते आणि हा फरक बराचसा भरून निघतो. गेज अरुंद असले की भरून काढायचा फरकच कमी, म्हणून अधिक तीव्र वळणे चालतात. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, भराव अरुंद आणि रुळांखालचे आडवे स्लीपरही आखूड लागतात. किंमत मोजावी लागते ती पुढे. अरुंद पायावर उंच, जड डबे वेगाने धावताना कमी स्थिर राहतात आणि इंजिनातील कोळशाच्या भट्टीच्या रुंदीलाही मर्यादा पडते.

मोरेल १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये योकोहामात क्षयाने वारले. १४ ऑक्टोबर १८७२ रोजी शिंबाशी ते योकोहामा या २९ किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटन झाले ते त्यांना पाहता आले नाही. परदेशी सल्लागारांवरचा खर्च आणि अवलंबित्व खुपणारा माणूस होता इनोउए मासारु. तरुणपणी देशाबाहेर जाण्यास बंदी असताना लपून इंग्लंडला जाऊन लंडनमध्ये शिकून आलेल्या या रेल्वेप्रमुखाने १८७७ मध्ये ओसाकात अभियंत्यांची शाळा काढली. क्योतो ते ओत्सु मार्गावरील ६६५ मीटरचा ओसाकायामा बोगदा, ज्याचा ओसाका शहराशी काही संबंध नाही, १८८० मध्ये पुरा झाला. तो जपानी लोकांनीच खणला आणि कामाला माणसे लागली ती इकुनोच्या खाणीतली. खाणकामगारांना बोगदा खणण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही, हे इनोउए यांना सुचले यातच माझ्या मते त्यांची खरी हुशारी दिसते. १८७९ मध्ये जपानी इंजिनचालकांच्या हाती गाड्या आल्या आणि पुढच्या दशकात परदेशी माणसे मूठभर उरली. पेज १८९९ पर्यंत होते. तोवर तिरप्या रेषा काढणारे कितीतरी हात तयार झालेले होते.

गेजचे असे हस्तांतर होत नाही. शिमा यासुजिरो या अभियंत्याने १९१७ मध्ये योकोहामा मार्गावर १४३५ मिलिमीटरच्या रुंद गेजच्या चाचण्या यशस्वी करून दाखवल्या, तरी हजारो किलोमीटर रूळ हलवण्याचा खर्च पाहून सरकारने तो बेत सोडून दिला. अखेर जुने रूळ तसेच ठेवून १९६४ मध्ये तोक्यो ते ओसाका असा १४३५ मिलिमीटरचा स्वतंत्र शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनचा, मार्ग सुरू झाला. त्याचे मुख्य अभियंता शिमा हिदेओ हे यासुजिरो यांचे चिरंजीव.

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर आता सल्लागाराच्या खुर्चीत जपानी तज्ज्ञ आहेत, आणि काँक्रीटच्या सपाट लाद्यांवर रूळ बसवण्याचे शिक्षण भारतीय अभियंत्यांना सुरतेत त्यांच्याकडून मिळाले आहे. या मार्गाचे गेजही १४३५ मिलिमीटर आहे. ठाणे जिल्ह्यातून जाणारी ही गाडी, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीच्या ब्रॉडगेज रुळांवर कधीच येऊ शकणार नाही.