खाण्याचा सोडा (बागकामातील उपयोग)

स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हा क्षार बागेत मुख्यतः भुरी रोग (कवकामुळे, म्हणजे बुरशीमुळे पानांवर धरणारी पांढरी बुकटी) आटोक्यात ठेवण्यासाठी पाण्यात विरघळवून पानांवर फवारतात. त्याच्या विद्रावाचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) ८.३ च्या आसपास, म्हणजे सौम्य अल्कधर्मी असतो. धुण्याचा सोडा त्याहून बराच तीव्र असल्याने पाने भाजतात आणि बेकिंग पावडरीत आम्ल मिसळलेले असते. म्हणून फवारणीसाठी हे दोन्ही चालत नाहीत.

या उपयोगाचे श्रेय बहुधा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाला दिले जाते आणि ‘कॉर्नेल सूत्र’ हे नावही रूढ आहे; मात्र कल्पना त्याहून जुनी आहे. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालेल्या वेलींवरील एका पुस्तिकेत वेली गुलाबाच्या भुरीसाठी गॅलनभर पाण्यात एक औंस (लिटरला सु. ७.५ ग्रॅ.) सोडा सांगितला असून, त्याचे श्रेय ए. डी याचेन्स्की या रशियन वनस्पतिरोगतज्ज्ञाला दिले आहे. नावाची ही वर्णरचना सदोष असावी; रशियन कवकशास्त्रज्ञ आर्थर याचेव्स्की (१८६३–१९३२) हेच येथे अभिप्रेत असावेत, असे मानणे सयुक्तिक वाटते. प्रायोगिक पाया मात्र जपानमध्ये घातला गेला. होम्मा, आरिमोतो व मिसातो यांनी काकडीवरील भुरीच्या कवकाच्या जीवनचक्रातील प्रत्येक अवस्थेवर सोड्याचा काय परिणाम होतो, हे १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये कॉर्नेलच्या हॉर्स्ट, कावामोतो व पोर्टर यांनी ०.०६३ मोलर सोडा (लिटरला सु. ५.३ ग्रॅ.) व १ टक्का बागायती फवारणी तेल यांचे मिश्रण गुलाबावर वापरले. त्याने भुरी व काळे ठिपके हे दोन्ही रोग लक्षणीय प्रमाणात आटोक्यात आले. तेलाची जोड हे कॉर्नेलचे खरे योगदान होय. विद्राव पानावर पसरून चिकटून राहण्यास तेल उपयोगी पडते. शिवाय त्याला स्वतःचाही कवकरोधी गुण आहे.

बायकार्बोनेटामुळे पानाच्या पृष्ठभागाचा सामू वाढतो, बीजाणूंचे अंकुरण मंदावते व कवकतंतू कोलमडतात. केवळ सामूवाढ हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नाही; बायकार्बोनेट आयनाची स्वतःची क्रिया अधिक महत्त्वाची मानणारे मत ग्राह्य वाटते. भुरीचे कवक बहुतांशी पानाच्या पृष्ठभागावरच पसरत असल्याने ते या फवाऱ्याच्या आवाक्यात येते. पानाच्या आत वाढणाऱ्या केवडा रोगावर मात्र सोड्याची भिस्त ठेवू नये. पांढरी बुकटी नुकतीच दिसू लागली असतानाच फवारणी उपयोगी ठरते. पान पूर्ण माखल्यावर नाही. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत काकडी, भोपळा, वाटाणा, गुलाब व झिनिया यांवर भुरी येते. लिटरभर पाण्यात ४ ते ५ ग्रॅ. सोडा पुरे होतो. आधी दोन-चार पानांवर फवारून एक-दोन दिवस पाहावे, कडक उन्हात फवारू नये आणि बोर्डो मिश्रणात (मोरचूद व चुन्याचे कवकनाशक) किंवा आम्लधर्मी द्रवात मिसळू नये. द्राक्षबागांत भुरीसाठी गंधकाचे स्थान जुने आहे. सोडा त्याची जागा घेऊ शकेल असे दिसत नाही.

सोड्याचा खरा धोका मातीत आहे. त्याच्या वजनाच्या सु. २७ टक्के सोडियम असते. लिटरला ५ ग्रॅ. प्रमाणाच्या विद्रावातून दर लिटरमागे सु. १.४ ग्रॅ. सोडियम बागेत येते व पानांवरून ठिबकून मुळांपाशी साचते. बायकार्बोनेटाने मातीतील कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात खाली बसते, सोडियमचा वाटा वाढतो, चिकणमातीचे कण सुटे होऊन पाणी मुरेनासे होते. नीरा, प्रवरा, कृष्णा या नद्यांवरील कालव्यांच्या लाभक्षेत्रांतील चोपण जमिनींचे दुखणे याच जातीचे आहे. सामू ८.५ च्या वर व विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेल्या धन आयनांतील सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांहून अधिक झाले की जमीन चोपण मानतात. तीवर जिप्सम टाकून भरपूर पाण्याने निचरा करावा लागतो. चुनखडीयुक्त काळ्या मातीत बायकार्बोनेटामुळे लोहाचे शोषणही अडते. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मूळची अल्कधर्मी असलेली जमीन सोड्याने आणखी बिघडवण्यात काहीच अर्थ नाही. कुंडीत माती थोडी असल्याने धोका अधिक; फवारताना तिचे तोंड झाकावे.

टोमॅटो गोड व्हावेत म्हणून बुडाशी सोडा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला प्रायोगिक आधार आढळत नाही आणि वरील कारणांमुळे तो अपायकारकच ठरतो. फरशीच्या सांधीतील तण सोड्याने सुकते, पण शेजारच्या वाफ्यांतही सोडियम उतरते.

सोडियमचा दोष टाळण्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरतात. त्यातील पोटॅशियम हे वनस्पतीचे पोषकद्रव्यच आहे. जपानने २००३ मध्ये खाण्याच्या सोड्याला व्हिनेगरसोबत नोंदणीविना वापरता येणाऱ्या विशिष्ट कृषिद्रव्यांत स्थान दिले, तर युरोपीय संघाने २०१५ मध्ये त्याला मूलभूत पदार्थ (मुख्यतः इतर कामांचा, पण पीकसंरक्षणातही उपयोगी पडणारा पदार्थ) म्हणून मान्यता दिली. रिकाम्या कुंड्या व अवजारे घासण्यासाठीही खाण्याचा सोडा वापरतात.