एकट्यालाच ठाऊक असलेली माहिती मीटिंगमध्ये का हरवते?

कामाच्या ठिकाणी मोकळा संवाद हवा, असं कुणी म्हटलं की दोन उपाय ठरलेले असतात. साहेबांनी केबिनचं दार उघडं ठेवायचं आणि कर्मचाऱ्यांनी धीट व्हायचं. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: माणसं घाबरली नाहीत, तर त्यांच्याकडची माहिती आपोआप टेबलावर येईल. ही समजूत चुकीची आहे. कुणाला कुणाची भीती नसताना आणि सगळ्यांचा हेतू चांगला असतानाही चर्चेत एका ठरावीक प्रकारची माहिती हरवते. ती का हरवते, हे शाळेत शिकलेल्या संभाव्यतेच्या गणितानं दाखवता येतं.

१९८५ मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या चौघाचौघांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. माहितीची वाटणी मुद्दाम विचित्र होती. चौघांचे कागद एकत्र केले तर एक उमेदवार उघडच सरस ठरत होता, पण प्रत्येकाच्या एकट्याच्या कागदावर तोच मागे पडलेला दिसायचा. चर्चा झाली की कोडं सुटायला हवं होतं. बहुतेक गटांत ते सुटलं नाही. अशा रचनेचे प्रयोग पुढे कितीतरी झाले. त्यांतल्या ६५ अभ्यासांचा, म्हणजे ३,१८९ गटांचा, एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माहिती विखुरलेली असेल तर गटाला योग्य उत्तर सापडण्याची शक्यता पूर्ण माहिती असलेल्या गटाच्या तुलनेत आठ पटींनी कमी असते.

आता गणित. चौघांना ‘क’ आणि ‘ख’ या दोन पुरवठादारांपैकी एक निवडायचा आहे. ‘क’च्या बाजूचे तीन मुद्दे चौघांनाही माहीत आहेत. ‘ख’च्या बाजूनं चार मुद्दे आहेत, पण प्रत्येकाला त्यांतला एकेकच ठाऊक आहे, आणि तोही वेगवेगळा. सगळे मुद्दे सारख्याच वजनाचे धरू. प्रत्येकाच्या मनात हिशेब तीन विरुद्ध एक, म्हणजे ‘क’. एकत्रित हिशेब तीन विरुद्ध चार, म्हणजे ‘ख’.

समजा, माहीत असलेला एखादा मुद्दा चर्चेत आठवून बोलण्याची शक्यता दर माणशी ०.३ आहे. चौघांनाही ठाऊक असलेला मुद्दा राहून जायचा, तर चौघांनीही तो न बोलणं आवश्यक आहे: ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे साधारण ०.२४. म्हणून तो निघण्याची शक्यता ७६ टक्के. एकट्याला ठाऊक असलेल्या मुद्द्याला मात्र एकच संधी असते, ३० टक्के. सूत्रच हवं असेल तर १ − (१ − श)^न. इथे ‘श’ ही एका माणसाची बोलण्याची शक्यता आणि ‘न’ ही तो मुद्दा माहीत असलेल्या माणसांची संख्या. ‘ख’चे चारही मुद्दे निघण्याची शक्यता ०.३ चा चौथा घात, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी!

या सूत्रातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही व्यवहाराच्या आहेत. पहिली, माणसं वाढवून काही साधत नाही. आठ जण बसवले तर सगळ्यांना ठाऊक असलेला मुद्दा ९४ टक्क्यांवर जातो आणि एकट्याचा ३० वरच राहतो. प्रत्यक्षात तो आणखी घसरतो, कारण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ कमी होतो. दुसरी, ‘श’ वाढवणं फार लाभाचं आहे. ती ०.९ झाली तर चारही एकेकटे मुद्दे निघण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के होते. एका टक्क्याच्या आतून थेट ६६! मोकळ्या संवादाचं सगळं काम ही एक संख्या वाढवण्याचं आहे, असं मला वाटतं.

मुद्दा एकदा बोलला गेला म्हणजे टिकला, असंही नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी म्हटली की बाकीचे मान डोलावतात, ती पुन्हा उच्चारली जाते आणि बोलणारा जाणकार वाटू लागतो. एकट्याच्या माहितीला दुजोरा द्यायला कुणी नसतं, त्यामुळे ती एकदा कानावर पडते आणि विषय पुढे सरकतो. त्यात सुरुवातीलाच ‘कुणाला काय वाटतं?’ असं विचारून मतं घेतली, तर पुढची चर्चा आपल्या मताला पूरक मुद्दे मांडण्यातच जाते.

संवादकौशल्याच्या प्रशिक्षणात मात्र वेगळंच शिकवलं जातं. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के, ही स्लाइड जागोजागी दिसते. या आकड्यांचं मूळ मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रं वापरून, माणसाला आवड वाटते की नावड, एवढंच ओळखण्याबद्दल होते. ‘यंत्राचा व्हॉल्व्ह गळतोय’ ही माहिती ९३ टक्के देहबोलीनं आणि आवाजानं पोचत नाही. असल्या प्रशिक्षणावर खर्च करण्याऐवजी मीटिंगचा क्रम बदलावा. त्याला पैसे लागत नाहीत.

क्रम असा. सुरुवातीची दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं: ‘या विषयातल्या कोणत्या गोष्टी बहुधा मलाच माहीत आहेत?’ मत लिहायचं नाही, फक्त माहिती. त्याआधी कुणाकडे कोणती बाजू आहे हे सगळ्यांसमोर सांगावं: देखभाल यांच्याकडे, ग्राहकांच्या तक्रारी त्यांच्याकडे. हे जाहीर केलं की एकट्याकडची माहिती जास्त निघते, हे प्रयोगांत दिसलं आहे. मग चिठ्ठ्या वाचायच्या, सर्वांत कनिष्ठ माणसापासून सुरुवात करून. साहेब शेवटी. प्रत्येक मुद्दा फळ्यावर लिहायचा, कारण फळ्यावरच्या मुद्द्याला पुन्हा उच्चारण्याची गरज उरत नाही. मतं त्यानंतर. पर्यायांतून एक निवडण्याऐवजी सगळ्यांना क्रम लावायला सांगावं. त्यामुळे मागे पडलेल्या पर्यायाकडेही गटाला पाहावंच लागतं. आणि मीटिंग लवकर आटोपू नये. सामायिक माहिती आधी निघते, एकेकट्याची उशिरा.

इथे नेहमी बिघडतं ते असं. साहेब ‘माझं मत नाही, पण…’ म्हणून आधी बोलून टाकतात. ‘काही शंका?’ असं विचारलं जातं आणि शांतता म्हणजे होकार धरला जातो. त्याऐवजी ‘ही योजना फसली तर कुठे फसेल?’ असं विचारलं तर अडचण सांगणं हेच काम होतं. निनावी सूचनापेटी उपयोगाची वाटते, पण चिठ्ठी टाकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे अर्धवट माहिती अर्धवटच राहते. सूचनेचं काय झालं हे आठवड्याभरात कळवलं नाही, तर पुढच्या वेळी ‘श’ खाली येते. भीतीमुळे माणूस गप्प बसतो, तसाच ‘सांगून उपयोग नाही’ म्हणूनही बसतो.

भीतीचा भाग खराच आहे. व्यवस्थापनाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या आढळल्या. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्यामागचं स्पष्टीकरण पुढे आलं. म्हणून संवाद सुधारायला लागला की नोंदलेल्या चुका आधी वाढतील, आणि त्या वाढीला शिक्षा करणारा व्यवस्थापक सगळं काम उधळून लावेल. अमेरिकेतल्या विमानवाहतुकीत १९७६ पासून नासाकडे गोपनीय अहवाल पाठवण्याची सोय आहे. अजाणता घडलेला नियमभंग दहा दिवसांत कळवला, तर दंडातून सहसा सूट मिळते. अपघात आणि गुन्हे त्यातून वगळले आहेत. मर्यादा अशा स्पष्ट असाव्या लागतात. ‘काहीही सांगा, काही होणार नाही’ या आश्वासनावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आपल्या टीमची ‘श’ मोजता येते. मीटिंगनंतर चिठ्ठ्यांवरचे मुद्दे मोजावेत, त्यांतले किती इतिवृत्तात आले ते मोजावेत आणि भागाकार करावा. क्रम बदलण्याआधीही एकदा चिठ्ठ्या लिहून घेऊन, त्या न वाचता नेहमीसारखी मीटिंग घ्यावी, म्हणजे तुलनेला आकडा मिळतो. कनिष्ठांचा आणि वरिष्ठांचा भागाकार वेगळा काढावा. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर चिठ्ठ्या वाचण्याचा क्रम आणि साहेबांची बोलण्याची वेळ या दोन गोष्टी सर्वांत आधी तपासाव्यात.