राहून गेलेले दोन डोस

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवात हल्ली मुलींच्या एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा, विषय निघतो. तो निघाला की एखादी आजी हमखास विचारते, "अगं, पण त्या कवांटच्या पोरींचं काय झालं होतं?"

प्रश्न रास्त आहे. २००९ मध्ये पाथ ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राज्य सरकारं यांनी मिळून तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि आपल्या बडोदे जिल्ह्यात ही लस द्यायचा प्रकल्प घेतला. डभोई, शिनोर आणि कवांट (आता छोटा उदेपूर जिल्ह्यात) इथल्या १० ते १४ वर्षांच्या मुलींना लस टोचली गेली. दोन्ही जिल्हे मिळून सात मुली दगावल्या, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं.

चौकशीत सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक अशी कारणं पुढे आली; लसीमुळे मृत्यू झाल्याचं दिसलं नाही. संमतीचा घोळ मात्र खरा होता. खम्मममध्ये तर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर खरमरीत ताशेरे ओढले, ते योग्यच होतं. लस निर्दोष निघाली म्हणून आईबापांना न विचारता टोचणं माफ होत नाही.

या गदारोळात आणखी एक काम अडकलं. बार्शी, पुणे, अहमदाबाद धरून देशात नऊ ठिकाणी वेगळा अभ्यास चालू होता: तीन डोसांऐवजी दोन पुरतात का? एप्रिल २०१० च्या आदेशाने तोही मध्येच थांबला आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. मुद्दाम एकच डोस देऊन बघायला तेव्हा कोणी धजलं नसतं. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, हे त्यांचं मोठं काम. दहा वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांचा संसर्ग शरीरात ठाण मांडून राहू नये, यासाठी एक डोस सुमारे ९५ टक्के परिणामकारक ठरला, तीन डोस ९३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आफ्रिकेतल्या चाचण्यांनीही दुजोरा दिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला.

एकाच टोचणीत एवढं कसं भागतं? या लसीत विषाणू नसतो. त्याच्या कवचातलं एल-१ नावाचं प्रथिन तेवढं बनवतात. त्याचे ३६० रेणू आपसूक जुळून पोकळ गोळा तयार होतो, दाणा नसलेल्या शेंगेच्या टरफलासारखा. आत जनुकं नाहीत, त्यामुळे संसर्गाचा प्रश्नच नाही. पण पृष्ठभागावर तोच आकार इतक्या दाटीने आणि शिस्तीत येतो, की प्रतिकारपेशी खडबडून जाग्या होतात. त्यातल्या काही अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं, अँटीबॉडी) बनवत राहतात. तीन डोसांनंतर प्रतिपिंडं जास्त असतात हे खरं, पण संसर्ग रोखायला थोडीही पुरतात.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर भारतात वर्षाला सुमारे ८० हजार बायकांचा बळी घेतो. लस आधीच झालेला संसर्ग काढून टाकत नाही, म्हणून ती लवकर, ९ ते १४ वयात द्यायची.

मग लेकीला लस देऊन आणणाऱ्या आईचं काय? तिच्यासाठी या कॅन्सरची तपासणी आहे, आणि तीच टाळली जाते. "मला काही त्रास नाही" हे नेहमीचं उत्तर. सुरुवातीला त्रास नसतोच. कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, गर्भपिशवीच्या तोंडाला लावतात. मिनिटभर थांबून बघतात. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ही तपासणी ठरावीक काळाने केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या तिशीपासून दर पाच वर्षांनी ती करून घ्यायची असते.