विमेवाल्यांनी दिलेली चांदी

लंडनच्या लिलावांत अधूनमधून दोन कानांचा, झाकणाचा एक भारदस्त चांदीचा चषक विक्रीला येतो. त्याच्या एका बाजूला ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी ब्रिटानिया बसलेली असते, दुसऱ्या बाजूला अनेकमुखी सर्पाला मारणारा हर्क्युलिस, आणि झाकणावर सिंह. हा लॉइड्स पेट्रिऑटिक फंडाचा मानाचा चषक. तो आरमारी पराक्रमासाठी दिला जात असला, तरी देणारे होते लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातले, जहाजांना विमा देणारे व्यापारी.

मे 1803 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध पुन्हा पेटलं. जहाज बुडालं किंवा शत्रूने पकडलं, तर भरपाई लॉइड्सच्या मंडळींच्या खिशातून जाणार होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी वर्गणी काढून हा निधी उभारला. जखमी सैनिकांना आणि मेलेल्यांच्या कुटुंबांना मदत करायची, शूरांचा गौरव करायचा, असे त्याचे दोन हेतू. गौरव म्हणजे 30, 50 किंवा 100 पौंडांची तलवार, नाहीतर चषक.

चषकाचं रेखाटन शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचं. (तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या गुरूंचं, म्हणजे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचं, संगमरवरी स्मारक करवून घेतलं ते याच फ्लॅक्समनकडून.) रंडेल, ब्रिज अँड रंडेल या लंडनच्या सराफी पेढीसाठी डिग्बी स्कॉट आणि बेंजामिन स्मिथ यांनी हे चषक घडवले. चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध. तिच्यावर चालता सिंह, बिबळ्याचं तोंड, वर्षाचं अक्षर, कारागिराची खूण आणि कर भरल्याची साक्ष म्हणून राजाचं मुंडकं, असे बारीक ठसे. आपल्या हॉलमार्कचे हे पूर्वज.

या फंडाच्या मानकऱ्यांपैकी मला सर्वांत रंजक वाटतो तो नॅथॅनियल डान्स. तो आरमाराचा नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान. फेब्रुवारी 1804 मध्ये चीनहून चहा, रेशीम घेऊन निघालेला सुमारे 80 लाख पौंडांचा जहाजांचा तांडा त्याच्या हवाली होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, पुलो ऑरा बेटाजवळ फ्रेंच ॲडमिरल लिनोआ टपून बसला होता. सोबतीला ब्रिटिश आरमाराची एकही युद्धनौका नसताना डान्सने काही व्यापारी जहाजांवर आरमाराची निशाणं चढवली आणि उलट शत्रूवरच चाल केली. थोड्या गोळाफेकीनंतर लिनोआ पळाला. व्यापारी जहाजांनी लढाऊ ताफ्याचा दोन तास पाठलाग केला!

लंडनने त्याला तलवार, चांदीचा चषक आणि 'सर' ही पदवी दिली. मुंबईच्या विमा कंपनीने मात्र सरळ 5000 पौंड पाठवले. तांड्यात हिंदुस्थानातल्या बंदरांची खासगी जहाजंही होती, तेव्हा मुंबईकरांचा जीव भांड्यात पडणं साहजिकच. चषक शंभर पौंडांचा आणि रोकड पाच हजारांची, यावरून कोणाला किती घाम फुटला होता ते कळतं.

पुढच्या वर्षी फ्रान्स-स्पेनच्या ताफ्याविरुद्ध ट्रफाल्गारची लढाई झाली आणि चांदीची मागणी वाढली. कप्तानांना शंभर पौंडांचे, तर उपसेनापती कॉलिंगवुडला आणि लढाईत पडलेला सेनापती नेल्सन याच्या विधवेला 500 पौंडांचे चषक मंजूर झाले. काहींनी चषकाऐवजी रोख रक्कम मागून घेतली, यात मला तरी काही गैर वाटत नाही. युद्ध लांबत गेलं, जखमी आणि अनाथ वाढले, तसा शोभेच्या चांदीवरचा खर्च डोळ्यांत खुपू लागला. 1809 मध्ये फंडाने तलवारी आणि चषक देणं थांबवलं. फंड आजही चालू आहे, सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी.