स्वभाव कामात कधी दिसतो?

नोकरभरतीच्या वेळी उमेदवाराकडून व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. स्वभाव कळला की माणूस काम कसे करील हेही कळेल, अशी त्यामागची अपेक्षा असते. संशोधन या अपेक्षेला दुजोरा देते, पण काही अटींसह, आणि भरती करणाऱ्यांचे सहसा त्या अटींकडेच दुर्लक्ष होते.

स्वभावाचे पद्धतशीर मोजमाप शब्दकोशापासून सुरू झाले. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसामाणसांतला फरक दाखवणारे जवळजवळ १८,००० इंग्रजी शब्द वेचून काढले. कोणते गुण एकत्र आढळतात हे सांख्यिकीच्या आधारे तपासत पुढच्या संशोधकांनी ही यादी आटोक्यात आणली, तेव्हा पाच व्यापक गुण हाती लागले: कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. या पाचही मोजपट्ट्यांवर प्रत्येकाचे कुठे ना कुठे स्थान असते आणि बहुतेक जण मध्याच्या आसपासच असतात. म्हणूनच माणसांना अंतर्मुख किंवा बहिर्मुख अशा ठरावीक साच्यांत बसवणाऱ्या लोकप्रिय चाचण्या काही आठवड्यांनी पुन्हा घेतल्या, तर पुष्कळांचा साचा बदललेला दिसतो.

मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये तोवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. तपासलेल्या सर्व व्यवसायगटांत कामगिरीशी नाते दाखवणारा एकच गुण त्यांना सापडला, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. बहिर्मुखतेचा उपयोग प्रामुख्याने व्यवस्थापन आणि विक्री या क्षेत्रांत दिसला. मात्र हे नाते किती घट्ट आहे? सहसंबंधाचा आकडा (शून्य म्हणजे नातेच नाही, एक म्हणजे पूर्ण नाते) ०.२ च्या आसपास येतो, म्हणजे कामगिरीतील एकूण तफावतीपैकी जेमतेम चार-पाच टक्क्यांचाच उलगडा या गुणावरून होतो. शेकडो माणसे निवडायची असतील तर एवढाही आधार मोलाचा ठरतो, पण समोर बसलेल्या एका उमेदवाराविषयी त्यावरून ठाम भाकीत करणे मला धाडसाचे वाटते.

हा आकडा इतका लहान का, याचे एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. विमान उड्डाणापूर्वीची तपासणी ठरलेल्या यादीनुसारच करावी लागते. तिथे शिस्तप्रिय वैमानिक आणि मुळात थोडा अघळपघळ वैमानिक यांचे वागणे जवळजवळ सारखेच दिसते, कारण नियमांनी स्वभावाला वावच ठेवलेला नसतो. याउलट काय करायचे, कधी आणि कोणत्या क्रमाने, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, तिथे स्वभाव उघडा पडतो. बॅरिक आणि माउंट यांनीच १९९३ मध्ये व्यवस्थापकांचा अभ्यास करून हे दाखवले: ज्यांना कामात अधिक स्वायत्तता होती, त्यांच्या बाबतीत कर्तव्यदक्षता आणि बहिर्मुखता यांचे कामगिरीशी नाते अधिक बळकट होते. तेव्हा एकच प्रश्नावली सगळ्या पदांसाठी वापरणे म्हणजे त्या पदावर स्वभावाला किती मोकळीक आहे हे न पाहताच निष्कर्ष काढणे होय.

एखादा गुण जितका अधिक तितके चांगले, हेही गृहीत धरता येत नाही. अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये दूरध्वनीवरून विक्री करणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक उत्पन्न ना अति बहिर्मुख विक्रेत्यांनी आणले, ना अंतर्मुखांनी. ते मधल्या पट्ट्यातील विक्रेत्यांनी आणले, बहुधा बोलणे आणि ऐकणे यांचा मेळ त्यांना साधत असल्यामुळे.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हणही पुराव्यांशी पुरती जुळत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावगुणांतील फरकांपैकी सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसते, हे खरे. तरीही विशीपासून चाळिशीपर्यंतच्या काळात सरासरी कर्तव्यदक्षता वाढत जाते आणि नोकरीतील जबाबदाऱ्या हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणजे स्वभाव काम घडवतो, तसे कामही स्वभाव घडवत असावे. पंचविशीत भरलेली प्रश्नावली त्याच माणसाविषयी पस्तिशीत तेच सांगेल याची खात्री देता येत नाही.